वार्षिकांकाच्या फाइली आणि मुलांची मूळ प्रत

शाळेचा वार्षिकांक हा बहुतेक मुलांच्या आयुष्यातला पहिला छापील मजकूर असतो. अनेकांच्या बाबतीत तो शेवटचाही ठरतो. कविता, सहलीचे वर्णन, आजीने सांगितलेली गोष्ट, चित्र आणि खाली आपले नाव. तो अंक घरात वर्षानुवर्षे जपला जातो. म्हणून त्यातला मजकूर बरोबर असणे आणि तो त्या मुलाचाच असणे या दोन्ही गोष्टी साध्या नाहीत.

सुरतेतील मराठी माध्यमाच्या शाळांच्या बाबतीत या गोष्टीला आणखी वजन येते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारी मराठी कुटुंबे मोठ्या प्रमाणात खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून, कापडधंद्यात कामासाठी आलेली आहेत. त्यांच्या मुलांची मराठी पाठ्यपुस्तके गांधीनगरच्या मंडळाने काढलेली असतात, रस्त्यावरच्या पाट्या गुजरातीत असतात, घरात बहुधा अहिराणी बोलली जाते आणि खेळताना तोंडी हिंदी येते. अशा मुलाला आपले मराठी छापलेले पाहण्याची जागा म्हणजे शाळेचा अंक. सुरत आणि मराठी यांचा संबंध तसा जुना आहे. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथेच मानवधर्म सभेच्या कामात भाग घेतला. परंतु व्याकरणकाराच्या मराठीपेक्षा आज वर्गात येणारी मराठी वेगळी आहे, आणि ती लिहून ठेवण्याचे साधनही वेगळे आहे.

ते साधन म्हणजे मोबाइल. वार्षिकांकाचा मजकूर पूर्वी फुलस्केप कागदांवर यायचा आणि एका जाड पाकिटात राहायचा. आता तो व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, कोणाच्या तरी ड्राइव्हवर चढतो, दोघा-तिघा शिक्षकांच्या फोनमध्ये उतरतो, डीटीपीवाल्याच्या संगणकावर जातो आणि तिथून पुन्हा गटावर परततो. गेली काही वर्षे मी अशा अंकांचे मुद्रितशोधन करून देते. शाळा कोणतीही असो, छपाईच्या आधीच्या आठवड्यात एकच दृश्य असते : ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम दुरुस्त’ आणि ‘हीच घ्या’ अशा नावांच्या चार फाइली, आणि त्या चारींत एका कवितेचे चार पाठ.

या लेखात या फाइली कशा लावाव्यात ते सांगायचे आहे. हे काम तांत्रिक किंवा कारकुनी समजून सहसा संगणक येणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे सोपवले जाते. माझ्या मते ते संपादनाचेच काम आहे. फोल्डर करताना, नाव देताना, परवानगी देताना आपण प्रत्येक वेळी दोन प्रश्नांची उत्तरे देत असतो : खरी प्रत कोणती, आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा? मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे प्रश्न नवीन नाहीत. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, उपलब्ध प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनी तिच्यात आपली ओवी मिसळू नये, असे शेवटी बजावले. एक प्रत प्रमाण ठरवणे आणि तिच्यात हात घालण्याला मर्यादा घालणे, ही दोन्ही कामे त्यात आली. वार्षिकांकाच्या समितीलाही, लहान प्रमाणावर, हेच करायचे असते.

चार फोल्डर, एक नोंदतक्ता

सर्वांत आधी सगळ्या साहित्याला एकच घर हवे. व्हॉट्सॲपचा गट हे घर नव्हे. तो फक्त दरवाजा आहे. गटावर आलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी किंवा फार तर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सामायिक फोल्डरमध्ये गेली पाहिजे, आणि ते नेण्याची जबाबदारी एका व्यक्तीची असली पाहिजे.

त्या घरात चार फोल्डर पुरतात. पहिला ‘मूळ’ : मुलाने दिलेले जसेच्या तसे. वहीच्या पानाचा फोटो, मुलाने स्वतः टाइप केलेला मजकूर, ध्वनिमुद्रण, चित्र. दुसरा ‘संपादन’ : टंकलिखित झालेला आणि तपासणी चालू असलेला मजकूर. तिसरा ‘पक्का’ : तपासणी संपलेला, जुळणीला द्यायचा मजकूर. चौथा ‘छपाई’ : जुळणी झालेली पाने, मुखपृष्ठ, मुद्रिते. मजकूर पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना त्याची नक्कल पुढे जाते; मूळ प्रत पहिल्या फोल्डरमधून कधीही हलत नाही, बदलत नाही, पुसली जात नाही. या एका नियमावर उरलेली सगळी रचना उभी आहे.

विषयांनुसार किंवा इयत्तांनुसार फोल्डर करण्याचा मोह पुष्कळांना होतो. मराठी विभाग, गुजराती विभाग, हिंदी विभाग, सातवी अ, सातवी ब, असे करता करता तीसेक फोल्डर होतात आणि एखादे विनोदी पत्र नेमके कुठे ठेवले, ते ठेवणाऱ्यालाही आठवत नाही. वर्गवारीचे काम फोल्डरवर टाकू नये. ते नोंदतक्त्यावर सोपवावे.

नोंदतक्ता म्हणजे एक साधी स्प्रेडशीट. ग्रंथालयातील दाखलनोंदवहीसारखीच तिची कल्पना आहे. साहित्य आले की त्याला पुढचा क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक अंक निघेपर्यंत बदलत नाही. एका ओळीत पुढील रकाने असावेत : क्रमांक, मिळाल्याची तारीख, शीर्षक, प्रकार, भाषा, इयत्ता व तुकडी, हजेरीपटावरील नाव, छापायचे नाव, टंकलेखन कोणी केले, कोणी तपासले, सध्याचा टप्पा, पालकांची संमती आणि शेरा. कोणाची कविता राहिली, गुजराती विभाग किती भरला, पाचवीच्या मुलींचे साहित्य कमी का आले, या सगळ्यांची उत्तरे या तक्त्यातून मिळतात. फोल्डर उघडून पाहावे लागत नाही.

‘छापायचे नाव’ हा रकाना गुजरातेत विशेष गरजेचा आहे. येथल्या दाखल्यांत आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे, आणि वडिलांच्या नावापुढे बहुधा ‘भाई’. घरी आणि मराठीच्या वहीवर तेच मूल स्वतःचे नाव आधी लिहिते आणि आडनाव शेवटी. एकाच अंकात काही नावे दाखल्याप्रमाणे आणि काही वहीप्रमाणे छापली गेली, तर अनुक्रमणिका विस्कळीत होते. शिवाय आपले नाव कोणत्या रूपात छापून यावे, हे त्या मुलाला विचारायला हवे. तक्त्यात दोन्ही रूपे असली म्हणजे विचारण्याची आठवण राहते.

फाइलीचे नाव

फाइलीच्या नावाने तीन गोष्टी सांगाव्यात : क्रमांक, ओळख आणि टप्पा. उदाहरणार्थ, ‘०१४_कविता_पाऊस_मूळ’, ‘०१४_कविता_पाऊस_संपादन’, ‘०१४_कविता_पाऊस_पक्का’. क्रमांक तीन अंकी ठेवावा आणि आधीची शून्ये गाळू नयेत. शून्ये नसली, तर अनेक ठिकाणी यादी १, १०, ११, २ अशा क्रमाने लागते, कारण संगणक तेथे संख्येची किंमत पाहत नाही, डावीकडून एकेक चिन्ह पाहतो. तारीख लिहायची असेल, तर याच कारणाने वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी : २०२५-०१-०९. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

‘अंतिम’ हा शब्द फाइलीच्या नावात वापरू नये. अंतिम काय हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसते. म्हणून तर चार ‘अंतिम’ तयार होतात. टप्प्याचे नाव ठरलेले असावे आणि एका टप्प्यावर एका साहित्याची एकच फाइल असावी. मधल्या दुरुस्त्या त्याच फाइलीत कराव्यात. गुगल डॉक्ससारख्या साधनात फाइलीच्या जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात आणि कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते. मात्र वर्डच्या किंवा छायाचित्राच्या फाइलीवर त्याच नावाची नवी फाइल चढवली, तर ड्राइव्हवर जुनी आवृत्ती साधारण ३० दिवसच राहते. त्यामुळे मूळ फोल्डरला हात न लावण्याचा नियम येथेही उपयोगी पडतो.

नाव देवनागरीत द्यावे की रोमनमध्ये, असा प्रश्न शिक्षक विचारतात. मराठी अंकाच्या फाइलींना मराठी नावे देण्यात आता तांत्रिक अडचण फारशी नाही, आणि मुलांनाही ती वाचता येतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक, नाव आखूड ठेवावे. प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि अँड्रॉइडसह अनेक यंत्रणांत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून सुमारे ८५ चिन्हे. दोन, आकडे एकाच लिपीतले वापरावेत. देवनागरी एक आणि इंग्रजी एक ही संगणकाच्या लेखी दोन निराळी चिन्हे आहेत. निम्म्या फाइलींना एका लिपीतले आणि निम्म्यांना दुसऱ्या लिपीतले आकडे असतील, तर यादी दुभंगण्याचा संभव असतो आणि शोध अपुरा पडतो. शाळेतल्या सगळ्यांच्या कळफलकावर जे आकडे सहज येतात, ते ठरवून टाकावेत.

मुलाचे नाव फाइलीच्या नावात घालू नये. लिंबायतच्या एका वर्गात चार-पाच पाटील सहज असतात, त्यामुळे ओळख पटत नाही. आणि फाइल चुकून बाहेर गेली तर मुलाची ओळख तिच्याबरोबर जाते. क्रमांकावरून नाव तक्त्यात सापडते, तेवढे पुरे.

अक्षरे सारखी दिसतात, सारखी नसतात

मराठी मजकुराच्या फाइलींचा एक प्रश्न इंग्रजी अंकांना येत नाही. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. तरी छापखान्यांच्या संगणकांवर त्याआधीच्या पद्धतीचे फाँट अजून वापरात आहेत. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला, तरी आत साठवलेले असते ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच कविता निरर्थक रोमन अक्षरांची माळ होते. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. म्हणून ‘पक्का’ फोल्डरमधला मजकूर युनिकोडमध्येच असावा, हा नियम आधीच जाहीर करावा. डीटीपीवाल्याने आपल्या सोयीसाठी तो दुसऱ्या फाँटमध्ये नेला, तर जुळणी झालेले प्रत्येक पान मूळ मजकुराशी पुन्हा ताडून पाहावे लागते.

सुरतेत डीटीपीचे काम करणारे बहुधा गुजराती जाणणारे असतात. त्यांचे काम चोख असते, परंतु गुजराती लिपीत नसलेली खूण त्यांच्या डोळ्यांना खटकत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला अर्धा र ही अशी खूण आहे. तो रफार झाला की ‘आचाऱ्यांना’ जेवण वाढले होते ते ‘आचार्यांना’ वाढले जाते, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन समुद्राला मिळतात. शुद्धलेखन तपासणारे साधन हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ते वाचणाऱ्यालाच पकडावे लागते.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे दिसायला अगदी सारखे असणारे शब्द. हाच अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : एक, नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ ला हलन्त आणि पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक दिसत नाही. पण शोधपेटीत एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या मजकुरात सापडेलच असे नाही. ‘ॲ’ चेही तसेच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली; त्याआधीच्या सवयीने अनेक जण अजून ‘अ’ वर चंद्र देऊन ते लिहितात. परिणाम असा की सगळीकडे एक शब्द बदलायचा म्हटले, की काही जागा सुटतात. यावर उपाय साधा आहे : मजकूर टंकलिखित करणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि ‘सर्व ठिकाणी बदला’ या आज्ञेवर विसंबू नये.

किल्ली कोणाकडे

सामायिक फोल्डर बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात तयार होतो. त्या शिक्षकाची बदली झाली, निवृत्ती आली किंवा जागा संपली म्हणून त्याने साफसफाई केली, की शाळेचा अंक त्याच्याबरोबर जातो. गुगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा असते आणि तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो हे तिन्ही येतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते बंद होऊन त्यातील सामग्री पुसली जाऊ शकते, असे त्या कंपनीचे २०२३ पासूनचे धोरण आहे. म्हणून वार्षिकांकासाठी शाळेच्या नावाचे खाते असावे, त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लेखी असावा, आणि संपादक बदलला की जबाबदारी रीतसर सोपवली जावी.

परवानगी तीन पातळ्यांची असते : पाहणे, टिप्पणी करणे, संपादन करणे. ‘लिंक असलेला कोणीही संपादन करू शकतो’ ही सवलत सोयीची वाटते आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते. सामायिक फोल्डरमधून एखाद्याने फाइल दुसरीकडे हलवली, की ती सर्वांच्याच दृष्टीआड होते. पुसली, तर कचरापेटीत ३० दिवस राहून कायमची जाते. माझी सूचना अशी : ‘मूळ’ फोल्डरमध्ये भर घालण्याचा अधिकार एकालाच, बाकीच्यांना फक्त पाहण्याचा. ‘संपादन’ मध्ये दोघा-तिघा शिक्षकांना संपादनाचा, विद्यार्थी संपादकांना टिप्पणीचा. ‘पक्का’ मध्ये पुन्हा एकाच व्यक्तीला. विद्यार्थी संपादक टिप्पणी लिहितात तेव्हा त्यांना आपला बदल का हवा, हे शब्दांत मांडावे लागते. ‘हा शब्द बरा वाटत नाही’ एवढ्यावर भागत नाही. भाषेच्या तासाला जे शिकवायला वेळ मिळत नाही, ते येथे शिकवले जाते.

मजकूर जुळणीला गेल्यावर दुरुस्त्या थांबवण्याची तारीख ठरलेली असावी. त्यानंतरच्या दुरुस्त्या मुद्रितावर, एकाच व्यक्तीच्या हातून जाव्यात. त्याच वेळी त्या ‘पक्का’ फोल्डरमधील मजकुरातही कराव्यात. नाही तर दुरुस्त पाठ फक्त छापखान्याच्या संगणकावर राहतो, शाळेकडे चुकीचा राहतो, आणि पुढे कोणी ती कविता पुन्हा छापायला घेतली की जुनी चूक जिवंत होते.

संपादकाचा हात आणि मुलाचा शब्द

मूळ प्रत जपण्याचा आग्रह मी का धरते, याचे कारण मराठी मुलाच्या लेखनात आहे. समजा, सहावीतल्या एखाद्या मुलीने लिहिले, ‘मनी माय कारखान्यात जाते.’ अहिराणीत ‘मनी माय’ म्हणजे ‘माझी आई’. अहिराणी न जाणणाऱ्या टंकलेखकाला ‘मनी’ म्हणजे ‘मनात’ वाटेल आणि तो वाक्याची फिरवाफिरव करील. अहिराणी जाणणारा शिक्षक त्याचे ‘माझी आई’ करील. फोनवरचा सुचवणारा कळफलक विचारता न विचारता तिसरेच काही करील. या तिन्ही बदलांनंतर फाइलीत शिल्लक राहते एक निर्दोष वाक्य, आणि मुलीने काय लिहिले होते हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहे, आणि अंकात ‘माझी आई’ छापायचे असा निर्णय शिक्षकांनी विचारपूर्वक घेतला तर त्याला माझी हरकत नाही. त्याच मुलीशी बोलून ‘मनी माय’ तसेच ठेवायचे आणि खाली अर्थ द्यायचा, हाही तितकाच चांगला निर्णय आहे. परंतु निर्णय घेण्यासाठी दोन्ही पाठ समोर असावे लागतात. मूळ प्रतीवरच दुरुस्ती केली, की निर्णय झाला हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही.

सुरतेतील मराठी कुटुंबे ज्या खानदेशातून आली, तेथलेच एक उदाहरण आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. लिहून घेणाऱ्यांनी त्या बोलीला शाळेतल्या मराठीचे कपडे चढवले असते, तर त्या संग्रहातले काय उरले असते, याचा विचार करावा. वार्षिकांकातली प्रत्येक मुलगी बहिणाबाई नसते. पण तिची वही उतरवून घेणाऱ्याचे कर्तव्य तेच असते.

त्यासाठी ‘संपादन’ टप्प्यावर डॉक्सची सूचना देण्याची सोय वापरावी. तीत जुना शब्द खोडलेला दिसतो आणि नवा शेजारी. स्वीकारायचा की नाही हे नंतर ठरते. शुद्धलेखनाच्या उघड चुका थेट सुधाराव्यात. शब्द, वाक्यरचना, कवितेची ओळ यांत बदल करायचा असेल, तर मुलाला विचारून करावा आणि तक्त्याच्या शेऱ्यात तशी नोंद करावी. नोंद एका ओळीची पुरते.

छायाचित्रे आणि संमती

छायाचित्रांबाबत दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली तांत्रिक. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की तो आकुंचित होतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते आणि बारकावे पुसट होतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे असा फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो. ए-फोर आकाराचे पूर्ण पान भरायचे, तर सुमारे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल हवेत. यासाठी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा थेट फोल्डरमध्ये चढवावा. वहीच्या पानांचे फोटोही असेच घ्यावेत, दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून. पुढे एखादे अक्षर लागले नाही, तर पाहायला दुसरे काही नसते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि तिची माहिती संगणकीय रूपात हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. कायदा नसता, तरी सभ्यता हेच सांगते. छापील अंक शाळेच्या परिसरात राहतो. पीडीएफ कुठेही जाते. म्हणून संमतीपत्रात छापील अंक आणि संगणकीय प्रत यांचे दोन वेगळे प्रश्न असावेत आणि ते पालकांना समजेल अशा भाषेत असावेत. पत्ता, जन्मतारीख, फोन क्रमांक यांतले काहीही छायाचित्राखाली छापू नये. ज्यांची संमती नाही, त्या मुलांचे फोटो वेगळे काढून ठेवावेत. वर्गाच्या सामूहिक फोटोत कोण आहे, हे तपासण्याचे काम तक्त्याशिवाय होत नाही.

अंक निघाल्यावर

अंक वाटला गेला की सामायिक फोल्डरकडे कोणी फिरकत नाही. खरे तर शेवटचे काम तेव्हा असते. छापखान्याकडून जुळणीची मूळ फाइल आणि छपाईची पीडीएफ मागून घ्यावी. ‘पक्का’ मजकूर साध्या युनिकोड मजकुराच्या स्वरूपातही साठवावा, कारण आजची सॉफ्टवेअरे बदलतील, साधा मजकूर वाचता येईल. ‘संपादन’ फोल्डरमधली अडगळ काढून टाकावी. ‘मूळ’, ‘पक्का’, ‘छपाई’ आणि नोंदतक्ता ठेवावा. संमतीपत्रे आणि फोटो किती काळ ठेवायचे, ते ठरवून लिहावे. या सर्वांवर एक छोटी ‘वाचा आधी’ फाइल असावी : कोणत्या वर्षाचा अंक, कोणी काम केले, क्रमांकांची पद्धत काय, फाँट कोणता.

मग तीन प्रती कराव्यात : एक ड्राइव्हवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर, उदाहरणार्थ एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. सुरतेत याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरचा कागद अशा पाण्यात टिकत नाही, आणि तळमजल्यावरचा संगणकही टिकत नाही. एका इमारतीत असलेली प्रत, मग ती कागदाची असो वा डिस्कवरची, एकच प्रत समजावी. छापील अंकाच्या काही प्रती मात्र अवश्य जपाव्यात. पासवर्ड हरवला, तरी छापलेले पान वाचता येते.

हे सगळे करायला फार वेळ लागतो, अशी तक्रार रास्त आहे. शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचा भार मोठा आहे. तरी नोंदतक्त्याची एक ओळ भरायला दोन मिनिटे लागतात. शंभर साहित्यांचे साडेतीन तासही होत नाहीत. चार ‘अंतिम’ फाइली ताडून पाहण्यात एक रविवार सहज जातो. विद्यार्थी संपादकांच्या हाती हा तक्ता दिला, तर ती मुले क्रम लावणे, नोंद करणे, दोन पाठ ताडणे आणि दुसऱ्याच्या लेखनाला हात लावण्यापूर्वी विचारणे शिकतात. पाठचिकित्सा हा पदव्युत्तर वर्गाचा विषय मानला जातो. तो सहावी-सातवीत, कोणताही जड शब्द न वापरता शिकवता येतो.

सुरतेसारख्या शहरांत स्थलांतरित मराठी मुले आज नेमके काय लिहितात, कोणत्या शब्दांना कोणते शब्द भेटतात, अहिराणी, गुजराती आणि पाठ्यपुस्तकातली मराठी एका वाक्यात कशी बसते, याचा अभ्यास पुढे कोणाला तरी करावासा वाटेल. त्या अभ्यासकाला छापील अंक मिळाले, तर आपण काय सुधारले ते त्याला कळेल. मूळ प्रती मिळाल्या, तर मुलांनी काय लिहिले ते कळेल. पहिली सोय छापखाना करतो. दुसरी सोय फक्त वार्षिकांकाची समितीच करू शकते, आणि तीही मजकूर हाती येईल त्याच दिवशी.